अपार्टमेंटचा जमाखर्च आणि मेंटेनन्स: सोलापुरातील नव्या समितीसाठी मार्गदर्शक

समितीवर निवड झालेल्या नव्या खजिनदाराच्या हाती पहिल्याच आठवड्यात बहुधा एक कापडी पिशवी येते. तिच्यात अर्धवट वापरलेले पावती पुस्तक, रबराने बांधलेली वीजबिले, दोन चेकबुके, संस्थेचा शिक्का आणि वाळून गेलेले स्टॅम्प पॅड असते, आणि 'सगळे व्यवस्थित आहे, काही अडले तर फोन करा' असे आधीचे खजिनदार सांगतात. जुळे सोलापुरातील आमच्या चोवीस सदनिकांच्या इमारतीत मी सहा वर्षे खजिनदारी केली, तीही अशाच पिशवीपासून सुरू झाली. ज्या शहराने पिढ्यान्पिढ्या वाडे, चाळी आणि बैठी घरे पाहिली, त्या शहरात विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे अशा सर्व बाजूंना आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. जिना, लिफ्ट, गच्ची आणि पाण्याची टाकी सामाईक असलेल्या घरात राहण्याची अनेक कुटुंबांची ही पहिलीच वेळ आहे. हा लेख अशा इमारतींच्या समितीवर प्रथमच आलेल्यांसाठी आहे. पुढच्या प्रत्येक पायरीमागे दोनच नियम आहेत: आधी खर्च मांडावा आणि त्यातून वर्गणी काढावी, आणि ज्या कारणासाठी पैसा गोळा केला त्याच कारणासाठी तो वापरावा. बहुतेक भांडणे यांपैकी एक नियम मोडल्यामुळे होतात.

पहिली पायरी: आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहणे

इमारतीच्या नावात 'अपार्टमेंट' आहे की 'सोसायटी' यावरून काहीही ठरत नाही. महाराष्ट्रात सदनिकाधारकांच्या संघटनेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे नोंदवलेली असते. इमारत आणि जमीन संस्थेच्या नावावर होते आणि सदस्याकडे भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) असतो. दुसरा अपार्टमेंट ओनर्स असोसिएशनचा, ज्याला बोलताना 'कंडोमिनियम' म्हणतात. तो महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येतो. तेथे बिल्डरने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले घोषणापत्र असते, प्रत्येक मालकाच्या नावे स्वतंत्र अपार्टमेंट डीड असते आणि जमीन व सामाईक जागांत त्याचा अविभाज्य हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. भाग दाखला सापडला तर तुम्ही पहिल्या प्रकारात आहात, घोषणापत्र सापडले तर दुसऱ्या. दोन्ही सापडले नाहीत, तर नोंदणीच झालेली नसण्याची शक्यता आहे, आणि मग हिशेबाआधी ते काम हाती घ्यावे लागेल.

हा भेद केवळ कागदावरचा नाही, कारण वर्गणी कशी वाटायची हे त्यावरूनच ठरते. सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठी तयार केलेल्या नमुना नियमावलीनुसार, सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. एका बेडरूमचे घर असो वा तीन, वॉचमन आणि जिन्यातील दिवे सर्वांसाठी सारखेच, असा त्यामागचा विचार आहे. कंडोमिनियममध्ये मात्र १९७० च्या अधिनियमातील कलम १० नुसार सामाईक खर्च अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. मोठ्या सदनिकेचे मालक 'सगळीकडे सारखेच घेतात' म्हणून तक्रार करतात आणि लहान सदनिकेचे मालक 'चौरस फुटाने घ्या' म्हणतात. कायदा कोणता लागू आहे हे कागद काढून दाखवले की हा वाद पाच मिनिटांत संपतो. सभेत हात वर करून हे सूत्र बदलता येत नाही, हेही नव्या समितीने आधीच समजून घ्यावे.

दुसरी पायरी: पिशवी उघडून ताबा लिहून घेणे

आधीच्या समितीकडून कागद घेताना दोन प्रतींत ताबा यादी करावी आणि दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. त्यात बँक खात्यांची त्या दिवसाची शिल्लक, मुदत ठेवींच्या पावत्या आणि त्यांच्या मुदती, हातातील रोख, न वटलेले चेक, द्यायची राहिलेली बिले, सदनिकानिहाय थकबाकीची यादी, इतिवृत्त पुस्तके, पूर्वीचे ऑडिट अहवाल, लिफ्टचा परवाना व देखभाल करार, विमा पॉलिसी, पॅन कार्ड आणि मंजूर नकाशे यांची नोंद असावी. जे कागद मिळाले नाहीत त्यांचीही नोंद करावी. हे संशयापोटी नसून दोन्ही समित्यांच्या सोयीसाठी आहे, हे सौम्य शब्दांत सांगितले की सहसा कोणी दुखावत नाही.

इमारत नवी असून बिल्डरकडून प्रथमच ताबा घेत असाल, तर आणखी एक काम आहे. सदनिका विकताना बिल्डरने एक किंवा दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलेला असतो, आणि बऱ्याचदा कायमस्वरूपी ठेव म्हणूनही काही रक्कम घेतलेली असते. मोफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या कायद्याने अशा रकमा वेगळ्या खात्यात ठेवून त्यांचा हिशेब देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकलेली आहे. हा हिशेब लेखी मागावा. सामाईक वीज मीटर अजून बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर किंवा बिल्डरच्या नावावर आहे का, तेही महावितरणच्या बिलावरील नाव आणि वर्गवारी वाचून तपासावे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी निवासी इमारतीला निवासी दर मिळतो. चुकीच्या वर्गवारीत राहिलेले मीटर दर महिन्याला गुपचूप पैसे खात असते.

तिसरी पायरी: बँक

खाते संस्थेच्या किंवा असोसिएशनच्या नावेच असावे, आणि चेअरमन, सेक्रेटरी व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालावे. सहीदार बदलण्याचा ठराव पहिल्याच समिती सभेत करावा, कारण बँकेत ओळखपत्रे देण्यात आणि सह्यांची पडताळणी होण्यात वेळ जातो आणि तोवर वॉचमनचा पगार अडतो. मेंटेनन्ससाठी क्यूआर कोड लावायचा असेल तर तो याच खात्याचा असावा. सेक्रेटरींच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर पैसे घेण्याची पद्धत कितीही सोयीची वाटली तरी ती पहिल्या दिवशीच बंद करावी. त्यात लबाडी नसली तरी वर्षअखेरीस सेक्रेटरींच्या किराण्याचे आणि संस्थेच्या डिझेलचे पैसे एकाच पासबुकातून निवडत बसावे लागते, आणि बिचाऱ्या सेक्रेटरींना स्वतःच्या प्राप्तिकराचा खुलासा करावा लागतो तो वेगळाच.

शिल्लक रक्कम कोठे गुंतवायची याला सहकारी संस्थांच्या बाबतीत १९६० च्या अधिनियमातील कलम ७० ची चौकट आहे, त्यामुळे 'अमुक पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते' एवढ्यावर ठेव हलवू नये. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. संस्था हा एकच ठेवीदार धरला जातो, चोवीस सदस्य म्हणजे चोवीस ठेवीदार नव्हेत. म्हणून सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी, मोठा झाला की एकाहून अधिक बँकांत विभागून ठेवणे शहाणपणाचे आहे.

चौथी पायरी: अंदाजपत्रक, आणि त्यातून वर्गणी

येथे थोडे थांबावे लागेल. सोलापुरात मेंटेनन्स ठरवण्याची प्रचलित रीत अशी की, शेजारच्या इमारतीत किती घेतात ते विचारायचे आणि त्यातून दोनशे रुपये कमी करून आपला आकडा जाहीर करायचा. सभेत टाळ्या मिळतात, पण पहिल्याच पावसाळ्यात गच्ची गळाली की विशेष वर्गणी काढावी लागते आणि मग कोणीच टाळ्या वाजवत नाही. त्यापेक्षा मागील बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर घेऊन प्रत्येक खर्च एका शीर्षाखाली लिहावा, वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चाला बाराने भागावे, आणि मग पुढील वर्षाची वाढ धरावी.

समजा, चोवीस सदनिकांची, एका लिफ्टची सहकारी संस्था आहे. वॉचमनचे वेतन महिन्याला १२,०००, जिना व आवाराची सफाई ४,०००, सामाईक वीज ९,०००, हिशेबनीस व ऑडिट मिळून १,०००, छपाई, बँक आकार व किरकोळ ४००. ही बेरीज २६,४०० होते आणि प्रत्येक सदनिकेला सेवाशुल्क १,१०० रुपये येते. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार ३६,००० म्हणजे महिन्याला ३,०००, हे प्रत्येकी १२५. पंपाची दुरुस्ती व टाक्यांची सफाई २,००० आणि इमारतीचा विमा १,०००, हे मिळून आणखी १२५. चालू खर्चाचा आकडा ३२,४०० आणि प्रत्येकी वाटा १,३५० रुपये झाला. हा आकडा म्हणजे फक्त आजचा दिवस ढकलण्याचा खर्च आहे.

उद्याचा खर्च निराळा. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के घ्यायचे असतात. येथे बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून आलेला खर्च. खरेदीखतातील किंमत नव्हे, ही चूक फार होते. बांधकाम खर्च १२ लाख रुपये धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला ९,००० म्हणजे महिन्याला ७५०, आणि सिंकिंग फंड वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५०. त्यामुळे एका सदनिकेचे मासिक बिल १,३५० अधिक १,०००, म्हणजे २,३५० रुपये होते. 'शेजारी पंधराशेच घेतात' असे सभेत कोणी म्हणाले, तर शेजारी या दोन निधींत किती घेतात हे विचारावे. उत्तर बहुतेक वेळा 'काहीच नाही' असे येते.

हीच इमारत कंडोमिनियम असती तर चालू खर्चाचे ३२,४०० रुपये टक्केवारीने वाटले गेले असते. सोळा सदनिकांचा हिस्सा प्रत्येकी ३.७५ टक्के आणि आठ मोठ्या सदनिकांचा प्रत्येकी ५ टक्के असेल, तर पहिल्यांना १,२१५ आणि दुसऱ्यांना १,६२० रुपये येतात. गुणाकार करून पाहावा, दोन्ही गटांची बेरीज बरोबर ३२,४०० भरते. बेरीज भरत नसेल तर घोषणापत्रातील टक्के उतरवताना चूक झालेली आहे. राखीव निधी किती आणि कसा घ्यायचा हे तेथे घोषणापत्रासोबतच्या उपविधींत पाहावे लागते.

तळमजल्यावरील सदस्य लिफ्टचा खर्च देणार नाही म्हणतात, तेव्हा आदर्श उपविधी त्यांच्या बाजूने नाहीत: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सदस्यांवर तो समान येतो. सदनिका भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क लावता येते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. वरील उदाहरणात ते महिन्याला ११० रुपये होईल, आणि हा हिशेब २,३५० वर नव्हे तर १,१०० वरच करायचा. भाडेकरू आला म्हणून दुप्पट मेंटेनन्स घेण्याची काही इमारतींतील पद्धत तक्रार झाली तर टिकत नाही.

सामाईक विजेच्या आकड्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि एकाच मीटरवर लिफ्ट, पंप व दिवे असल्याने इमारतीचा बहुतेक वापर वरच्या टप्प्यात पडतो. वर्षातील बरेच महिने रखरखीत ऊन असलेल्या आपल्या शहरात गच्चीवरील सौर संचाचा विचार म्हणूनच करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. मात्र तो खर्च सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. समितीने परस्पर आगाऊ रक्कम देऊ नये.

पाचवी पायरी: पाण्याचा हिशेब वेगळा

मुंबई-पुण्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत पाणी हे एका ओळीचे शीर्ष असते. सोलापुरात ते एक स्वतंत्र खाते असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराला उजनीचे, भीमेतून टाकळीहून उचललेले आणि हिप्परग्याचे पाणी मिळते, पण ते घरी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने पाळी येते आणि तीही कधी रात्री, कधी पहाटे. त्यामुळे इमारतीला जमिनीखालची टाकी मोठी लागते, पाळीच्या रात्री पंप तासन्तास चालतो, उरलेल्या दिवसांत बोअर चालते आणि उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचा खर्च फेब्रुवारीत शून्य आणि मे महिन्यात वॉचमनच्या पगारापेक्षाही जास्त असू शकतो. तो नेहमीच्या मेंटेनन्समध्ये मिसळला तर एक तर वर्षभर जास्त पैसे घ्यावे लागतात किंवा उन्हाळ्यात दुरुस्ती निधीला हात लावावा लागतो. आम्ही टँकरचे बिल वेगळी ओळ म्हणून, ज्या महिन्यात खर्च झाला त्याच्या पुढील महिन्यात लावत असू. आदर्श उपविधींत पाणी आकार सदनिकेतील नळांच्या संख्येवर व आकारावर वाटण्याची तरतूद आहे. घरोघर मीटर बसवलेले असतील तर वाटणी आणखी सोपी होते.

टँकरची वही कशी असावी हे आम्ही ठेच लागून शिकलो. एका मे महिन्यात पुरवठादाराचे बिल एकतीस फेऱ्यांचे आले आणि वॉचमनच्या वहीत सत्तावीस ओळी होत्या. पुरवठादार म्हणे, रात्री अडीच वाजता आलेल्या चार फेऱ्यांच्या वेळी वॉचमन झोपलेला होता. वॉचमन म्हणे, टँकर आलेच नाहीत. दोघांपैकी कोण खरे हे आजही मला सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे पुरावाच नव्हता. अखेर दोन फेऱ्यांचे पैसे देऊन प्रकरण मिटवले. त्यानंतर आम्ही वहीत सात रकाने आखले: तारीख, वेळ, गाडी क्रमांक, टँकरची क्षमता, टाकीतील पातळी आधी, पातळी नंतर आणि सही. पातळी मोजायला टाकीच्या झाकणाजवळ एक बांबू ठेवला, त्यावर दर अर्ध्या फुटाला लाल ऑइलपेंटची खूण केली. दहा हजार लिटरच्या टँकरने आमच्या टाकीत पातळी किती चढते हे एकदा मोजून ठेवले होते, त्यामुळे अर्धा भरलेला टँकर आला तर बांबूवरच कळायचे. बिलासोबत या वहीचे पान जोडल्याशिवाय चेकवर सही नाही, हा नियम केल्यावर पुढील उन्हाळ्यात वही आणि बिल तंतोतंत जुळले.

सहावी पायरी: बिल देणे आणि पावती देणे

बिल दर महिन्याला किंवा तिमाहीला ठरलेल्या तारखेलाच निघावे. त्यावर सेवाशुल्क, लिफ्ट, विमा, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी, पार्किंग, मागील थकबाकी आणि व्याज हे सर्व स्वतंत्र ओळींत असावे, आणि देय तारीख छापलेली असावी. 'मेंटेनन्स रु. २,३५०' एवढ्या एका ओळीचे बिल सर्वांत वाईट. त्यावरून निधी वेगळे काढता येत नाहीत आणि पुढे वसुलीचा अर्ज केला तर तपशील विचारला जातो. पैसे आले की क्रमांकित पावती द्यावी, ऑनलाइन आले तरी द्यावी. पैसे पाठवताना सदनिका क्रमांक लिहावा, अशी सूचना लिफ्टजवळ लावावी, कारण बँक स्टेटमेंटवर मुलीच्या किंवा जावयाच्या नावाने आलेली रक्कम कोणाची हे शोधण्यात खजिनदाराचा रविवार जातो. आमच्या इमारतीत मराठीइतकेच तेलुगू आणि कन्नड बोलणारे शेजारी होते. सूचना मराठीत लिहून दोघा-तिघा अण्णांनी आपापल्या मजल्यावर ती समजावून सांगितली, की चर्चेत निम्मे गैरसमज उरत नसत.

सातवी पायरी: रोजकीर्द

संगणकावर हिशेब ठेवावा की वहीत, हा प्रश्न दुय्यम आहे. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), सदनिकानिहाय खतावणी (प्रत्येक सदनिकेचे खाते), व्हाउचर फाइल आणि बँक जुळवणी पत्रक या चार गोष्टी असाव्यात. प्रत्येक व्हाउचरला मूळ बिल टाचलेले असावे आणि ज्याने खर्च केला व ज्याने मंजूर केला अशा दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या सह्या असाव्यात. किरकोळ रोख अगदी थोडी ठेवावी आणि मोठी रक्कम चेकने किंवा खात्यातूनच द्यावी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेतील शिल्लक आणि कीर्दीतील शिल्लक जुळवावी. हे काम बारा महिन्यांनी एकदम करायला घेतले की मार्चमध्ये कोणत्या तरी महिन्यातील १७७ रुपयांचा फरक शोधत बसावे लागते. जमा, खर्च, निधीनिहाय शिल्लक आणि थकबाकीची एकूण रक्कम एवढ्या चार आकड्यांचा एक कागद दर तिमाहीला सूचनाफलकावर लावावा. थकबाकीदारांची नावे फलकावर लावणे टाळावे. त्याने वसुली होत नाही, वैर मात्र होते.

सिंकिंग फंड चालू खर्चाला वापरू नये. तो इमारतीच्या मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी असतो, आणि वास्तुविशारदाच्या शिफारशीशिवाय व सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्याला हात लावायचा नसतो. मोठ्या दुरुस्तीची गरज कधी येईल याचा अंदाज स्ट्रक्चरल ऑडिटवरून येतो: इमारत १५ ते ३० वर्षांची असल्यास दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असल्यास दर ३ वर्षांनी ते करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. त्याची फीही अंदाजपत्रकात धरलेली असावी.

आठवी पायरी: थकबाकी

थकबाकीदार दोन प्रकारचे असतात: ज्यांना अडचण आहे आणि ज्यांची तक्रार आहे. पहिल्यांना हप्ते बांधून देता येतात, मात्र ते लेखी असावेत. दुसऱ्यांचे म्हणणे असते, 'माझ्या छताची गळती थांबवा, मग पैसे देतो.' त्यांना दोन गोष्टी शांतपणे सांगाव्यात: गळतीची तक्रार समिती नोंदवून घेत आहे, आणि तक्रार असली तरी वर्गणी थांबवण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. मग गळतीकडे खरोखरच लक्ष द्यावे. माझ्या अनुभवात निम्मी थकबाकी तक्रारीची दखल न घेतल्याने साठलेली होती.

उशिराच्या रकमेवर सरळ व्याज लावता येते, आणि आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. आपल्या नोंदणीकृत उपविधींत कोणता दर आहे तो पाहूनच लावावा. २१ टक्क्यांनी २,३५० रुपयांवर एका महिन्याचे व्याज सुमारे ४१ रुपये होते. व्याजावर व्याज लावायचे नाही; हिशेबाची तयार सॉफ्टवेअरे कधी कधी ते गुपचूप लावतात, म्हणून एका सदनिकेचा हिशेब हाताने करून ताडून पाहावा.

सहकारी संस्थेत तीन महिन्यांहून अधिक काळ पैसे न आल्यास प्रथम लेखी नोटीस द्यावी, पोहोच ठेवावी, स्मरणपत्र द्यावे आणि मग समितीच्या ठरावाने १९६० च्या अधिनियमातील कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. अर्जासोबत बिलांच्या प्रती, खतावणीचा उतारा, नोटिसा, शुल्क ठरवणारे सर्वसाधारण सभेचे ठराव आणि व्याजाचा तक्ता लागतो. ज्यांनी मागील पायऱ्या नीट केल्या त्यांची ही फाइल एका दुपारी तयार होते. कंडोमिनियममध्ये न भरलेल्या सामाईक खर्चाचा बोजा त्या अपार्टमेंटवरच येतो आणि सदनिका विकली गेल्यास आधीच्या थकबाकीसाठी खरेदीदारही विक्रेत्यासोबत जबाबदार ठरतो. म्हणून विक्रीची कुणकुण लागताच थकबाकीचे लेखी पत्र द्यावे. पाणी बंद करणे हा मात्र कोणत्याही प्रकारच्या संघटनेत वसुलीचा मार्ग नाही. तसे करणारी समिती स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

नववी पायरी: कर

याबाबत थोडक्यात. पॅन आवश्यक आहे. कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात एकूण १,००,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम दिल्यास मुळात कर (टीडीएस) कापावा लागतो, आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, लागतो. लिफ्टचा करार आणि रंगकाम यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सदस्याची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांपेक्षा जास्त आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा जास्त, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच वर्गणीवर जीएसटीचा प्रश्न येतो. वरील उदाहरणातील इमारतीची वर्षाची वर्गणी ६,७६,८०० रुपये होते, तेव्हा तिने काळजी करू नये. मुदत ठेवींचे व्याज आणि मोबाइल टॉवरचे भाडे असे उत्पन्न असेल तर सनदी लेखापालाला विचारावे.

दहावी पायरी: वर्षअखेर आणि सभा

हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एप्रिलमध्येच उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद तयार करण्यास घ्यावे. सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक सर्वसाधारण सभेने शासनाच्या नामतालिकेतून (पॅनेलमधून) नेमायचा असतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी, आणि सोबत हिशेबाच्या प्रती जाव्यात. ऑडिटमध्ये दोष निघाल्यास त्यांवरील दुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात पाठवावा लागतो. दोष निघाला म्हणजे चोरी झाली असा अर्थ सदस्य लावतात, म्हणून प्रत्येक दोष काय आहे आणि काय केले हे सभेत वाचून दाखवावे.

सभेत आकडे वाचताना ताळेबंदाच्या सगळ्या ओळी वाचू नयेत. मी चारच गोष्टी सांगत असे: गेल्या वर्षी काय धरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढील वर्षी वर्गणी किती. फरकाच्या ओळीवरच खरी चर्चा होते, आणि ती व्हायला द्यावी. एका वर्षी सामाईक वीजबिल अंदाजापेक्षा बरेच वाढले होते. समितीला कारण सापडत नव्हते, पण सभेत चौथ्या मजल्यावरील एका आजींनी सांगितले की वरच्या टाकीचा बॉलकॉक अडकून रात्रभर पाणी गच्चीवर वाहते आणि पंप थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला.

मुदत संपली की पुढील खजिनदाराला ताबा यादी द्यावी. तिच्यात बँकेच्या ऑनलाइन खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याची नोंद, मुदत ठेवींच्या पुढील तारखा आणि लिफ्ट करार व विमा कधी संपतो ते ठळक लिहावे. टँकरची वही आणि बांबू मात्र वॉचमनच्या केबिनमध्येच राहू द्यावा.